साडूंचं नाक आणि पुण्यातली फ्रेंच पंगत

आमटीत मीठ किती पडलंय हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. मी फक्त त्यांच्या धाकट्या मेव्हणीशी लग्न केलं. पण गावोगावच्या मांडवांत माझी ओळख करून देताना लोक माझं नाव, तहसिलीतली माझी नोकरी, सगळं गाळतात आणि 'हे बेंबळीच्या आचाऱ्याचे साडू' एवढंच सांगतात. मग मला पहिल्या पंगतीत, वाढपी हमखास दोनदा फिरतो अशी कोपऱ्यातली जागा मिळते. त्यामुळं त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. जे सांगेन ते खरं सांगेन, आणि कुठं थोडं फुगवून सांगितलं तर तेवढं तुम्ही पोटात घाला.

साडू तसे शेतकरी. बेंबळीला सोयाबीन, ज्वारी, एक बोअर, दोन म्हशी, सगळं व्यवस्थित. पण त्यांचा जीव शेतात नाही, भट्टीवर आहे. लग्न असो, जावळ असो, भंडारा असो, पाचशे पानांपासून दोन हजार पानांपर्यंतचा स्वयंपाक साडू एका जागी उभे राहून पार पाडतात. अंगात पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि त्या शर्टावर हळदीचा एक डाग दिसला तर मला आणून दाखवा. त्यांची येसर आमटी म्हणजे काय सांगावं! धान्यं आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. त्याची दाट, तर्रीदार आमटी आमच्याकडं लग्नात नसली तर वऱ्हाड रुसून बसतं. साडूंची आमटी भाकरीच्या काल्यावर ओतून एकदा खाल्ली की लग्न कुणाचं होतं हे माणूस विसरतो, आमटी विसरत नाही.

आता एवढी आमटी करणारा माणूस ती चाखून बघत असेल, असं तुम्हाला वाटेल. तिथंच तुम्ही फसलात. साडू चाखत नाहीत. कधीच नाही. कढईवरचं झाकण सरकवतात, पुढं वाकतात, डोळे मिटून एक लांब श्वास घेतात आणि डोळे उघडून सांगतात, दोन मुठी टाक. दोन म्हणजे दोन. त्यांच्या शास्त्राप्रमाणं अन्न आधी देवीच्या पानात जातं, मग पंगतीच्या, आणि सगळ्यांत शेवटी आचाऱ्याच्या पोटात. तुळजापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या देवीला उष्टं दाखवायची छाती कुणाची आहे? आचाऱ्यानं मधेच पळी तोंडाला लावली तर ती अख्खी कढई उष्टी झाली, असं त्यांचं म्हणणं. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. आमचे साडू शितालाही बोट लावत नाहीत, वाफेवर भागवतात.

एकदा तामलवाडीच्या एका लग्नाला आम्ही दोघं उशिरा निघालो. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो. मांडव अजून पाऊण फर्लांग लांब असेल, तोवर साडूंनी गाडी हळू केली, नाक वर केलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मीठ दोनदा पडलंय." मला त्या वेळी पुढच्या टेम्पोच्या धुरापलीकडं कसलाच वास येत नव्हता. मांडवात जाऊन बघतो तर त्यांच्या हाताखालचे दोन आचारी एकमेकांची तोंडं बघत उभे. एकानं टाकलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं. साडूंनी कणकेचे गोळे सोडायला लावले, वर आधणाचं पाणी ओतलं, येसर कालवून घातलं, आणि अर्ध्या तासात आमटी ताळ्यावर आली. कढया-पातेली भाड्यानं देणारे रज्जाकभाई गेली वीस वर्षं साडूंच्या मागं गावोगाव फिरतात. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साब, ये नाक नहीं, तराजू है." पाऊण फर्लांग ही माझी थाप आहे असं बायको म्हणते. असेल. अर्धा धरा.

खरा तराजू मात्र साडू भट्टीच्या जवळ फिरकू देत नाहीत. मीठ, तिखट, हळद, सगळं उजव्या मुठीनं. ती मूठ म्हणजे आमच्याकडचं सरकारी माप समजा. एका वर्षी ऐन लग्नसराईत म्हशीनं ढकललं आणि उजवा हात मोडला. हात गळ्यात बांधून साडू भट्टीवर हजर. डाव्या मुठीनं मीठ टाकलं आणि ओळीनं चार लग्नं अळणी गेली. नाकाला कमी पडलेलं कळत होतं, पण किती वाढवायचं ते डाव्या मुठीला कळत नव्हतं. पाचव्या लग्नाच्या आधी त्यांनी गावातल्या सतरा जणांच्या मुठी तपासल्या. स्वतःच्या सख्ख्या भावाची मूठ नापास केली आणि शेवटी पोस्टमनची पास केली. तो बिचारा महिनाभर, टपाल वाटून झालं की सायकल मांडवाला टेकवून मीठ टाकायला येत होता.

कुणाच्या घरी गेले की साडू ओसरीवर बसत नाहीत, सरळ स्वयंपाकघरात शिरतात. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही येडशीला गेलो होतो. मंडळी सतरंजीवर टेकतात न टेकतात तोवर साडू आत. आत बायकांची पळापळ. दोन मिनिटांत बाहेर आले आणि जाहीर केलं की मुलगी पसंत आहे. मुलगी तर अजून कुणी बाहेरच आणली नव्हती! कारण विचारलं तर म्हणाले, पोह्यांच्या फोडणीत तेल तापायच्या आत मोहरी टाकली नाही, म्हणजे या घरची माणसं घाईची नाहीत. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय. मुलगी मात्र भलतीच घाईची निघाली, कारण त्या दिवशीची मोहरी तिच्या आत्यानं टाकली होती.

आणि हॉटेलात तर साडू चहासुद्धा घेत नाहीत. कुणी चाखलं, कुणी ढवळलं, कोण बघतंय, हा त्यांचा सवाल. सोलापूरला दवाखान्याच्या कामाला गेले तरी बरोबर धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. असा हा माणूस पुण्यातल्या एका भारी फ्रेंच हॉटेलात, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर कोपरं टेकून बसला होता असं सांगितलं तर बेंबळीत कुणी विश्वास ठेवत नाही. मी साक्षीदार आहे. नुसता साक्षीदार नाही, सगळा घोळ घालणाऱ्यांतला एक आहे.

त्याचं झालं असं. साडूंना एकच मुलगी, पूनम. ती सोळा वर्षांची असताना एकदा म्हणाली, अण्णा, मला भट्टीवर तुमच्या शेजारी उभं राहायचंय, मला शिकवा. साडू म्हणाले, भट्टी ही बाईमाणसाची जागा नाही, आणि तिला हरभरे निवडायला बसवलं. घरी चूल बाईची आणि मांडवात भट्टी पुरुषाची, हे कुठलं शास्त्र, ते मी त्या दिवशी तिथं असूनही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी शिऱ्याकडं बघत होतो.

पूनमनं वाद घातला नाही. बारावी झाली, पुण्याला गेली आणि हॉटेलचा कोर्स धरला. पोरगी हॉटेलात भांडी घासायला गेली म्हणून गावानं नाकं मुरडली. साडूंनी अडवलं नाही, पण कधी विचारलंही नाही, की बाई गं, तू तिथं काय रांधतेस. दहा वर्षं गेली. पोरगी एकेक पायरी चढत त्या फ्रेंच हॉटेलच्या स्वयंपाकघराची मुख्य झाली, हाताखाली आठ माणसं. तरी कुणी विचारलं, पूनम काय करते, की साडूंचं उत्तर ठरलेलं, पुण्याला असते. एवढंच. वर्षातून दोनदा ती बेंबळीला यायची, तेव्हा अक्का, म्हणजे तिची आई, माझी मोठी मेव्हणी, तिला चुलीपाशी फिरकू द्यायच्या नाहीत. चार दिवस तरी पाठ टेक म्हणायच्या. त्यामुळं लेकीच्या हातचा एक घास बापाच्या पोटात कधी गेला नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिचा मला फोन आला. म्हणाली, "काका, अण्णांना एकदा घेऊन या. चांगलं म्हणू द्या, वाईट म्हणू द्या. फक्त एकदा माझ्या हातचं जेवू द्या." आवाज मोठा धीट होता, पण शेवटच्या शब्दाला जरा घसरला. मी म्हटलं, पोरी, तू काळजी सोड. अण्णांना पोटभर जेवायला घालून दाखवतो, नाहीतर बेंबळीच्या आचाऱ्याचा साडू म्हणून घेणार नाही. माझा स्वभावच असा. जीभ आधी धावते, मग मी.

साडू ऐकेनात. हॉटेल म्हटल्यावर त्यांनी विषयच बंद केला. अक्का म्हणाल्या, मग मी जाते, तुम्ही बसा म्हशी राखत. तरी ढिम्म. शेवटी मी म्हटलं, अहो, ते हॉटेल लोकांचं असेल, पण भट्टी तुमच्या लेकीची आहे, ती तरी बघा. हे मात्र लागलं. बराच वेळ त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली आणि म्हणाले की भट्टी बघायला हरकत नाही. मी खूश. बघायला म्हणाले, जेवायला म्हणाले नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पहाटेच माझ्या गाडीतून आम्ही चौघं निघालो, मी, बायको, अक्का आणि साडू. अक्कांनी सवयीनं धपाटी बांधून घेतली होती. इंदापूरच्या पुढं मी गाडी बाजूला घेऊन डबा उघडला, तर साडूंनी हात लावला नाही. पंगतीला जायचं ते रिकाम्या पोटी, म्हणाले. हे ऐकून मी त्यांच्या वाटची दोन धपाटी आनंदानं खाल्ली. आता काय, काम फत्ते!

बारा-साडेबाराला आम्ही त्या हॉटेलच्या दारात उभे. खेड्यातला माणूस अशा जागी गेला की गांगरतो, असं लोक रंगवून सांगतात. गांगरलो तो मी. साडू आपल्याच मांडवात शिरल्यासारखे चालत गेले. दारावरच्या माणसानं सलाम केला, यांनी उलट सलाम केला आणि त्याचं गाव विचारलं. तो निघाला कळंबचा! त्यानं आम्हाला आतपर्यंत आणून सोडलं. आत माझ्यापुढं तीन काटे, तीन सुऱ्या आणि चार चमचे मांडलेले बघून मला घाम फुटला. साडूंनी ती सगळी लोखंडं एका बाजूला सारली, एक चमचा ठेवला आणि ताटाच्या कडेला बोट लावून म्हणाले, "ताट गरम केलंय. हे आपल्याकडं कुनाला सुचलं न्हाय."

पूनमनं आमचं टेबल मुद्दाम काचेला लागून ठेवलं होतं. काचेपलीकडं तिचं स्वयंपाकघर. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात पांढरा कोट, बाहीवरच्या खिशात चमच्यांची रांग, आणि तिच्या नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर आठ माणसं फिरताहेत. बापानं आपल्याला काम करताना बघावं म्हणून तिनं ही जागा निवडली, आणि पुढचा सगळा अनर्थ त्या जागेमुळंच झाला. पण सुरुवातीला काय सांगू, साडूंची नजर त्या काचेवरून हलेना. कुणी ओरडत नाही, सांडलेलं लगेच पुसतात, पातेल्याचा दांडा वाटेत येऊ देत नाहीत, असं ते मला एकेक दाखवत होते. मग दार उघडून कुणीतरी बाहेर आलं तशी आतली हवा आली. साडूंनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला. "लोन्यात पीठ भाजलंय," म्हणाले, "आपल्या येसरावानी. मंद जाळावर. घाई केली न्हाय पोरीनं." हा सूर मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी कधी ऐकला नव्हता. मी टेबलाखालून बायकोच्या पायाला पाय लावला, म्हणजे जिंकलो.

तेवढ्यात कांद्याचं सूप आलं. पूनमनं आमच्या टेबलाच्या कशातही वाईन घातली नव्हती, तसा निरोप वेटर हळूच सांगून गेला. साडूंनी चमचा उचलला. आणि नेमकी त्याच वेळी काचेपलीकडं पूनमनं एका पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला, क्षणभर थांबली आणि मान हलवली. तो चमचा बाजूला टाकला, दुसरा घेतला, दुसरं पातेलं. परत तोंडात.

साडूंनी चमचा टेबलावर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ताठ बसले. रागावले नाहीत, चिडले नाहीत. एखाद्याच्या घरी चूक दिसावी आणि घरच्यांना लाज वाटू नये म्हणून आपण दुसरीकडं बघावं, तसं ते समोरच्या भिंतीकडं बघत बसले. मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "चाखलं तिनं. उष्टं झालं सगळं."

मी परोपरीनं समजावलं. इथं देवीचं पान नाही, इथली रीत वेगळी, चमचा दर वेळी नवा आहे. साडू नुसते मान हलवत होते. पूनम अधूनमधून काचेतून बघत होती, ते दिसल्यावर माझा धीर सुटला आणि मी आयुष्यातली सर्वांत मूर्ख गोष्ट केली. साडूंचा भरलेला बाऊल ओढला आणि पिऊन टाकला, रिकामा त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, तिला निदान बाऊल रिकामा दिसेल. मग साय आणि चीज घालून भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या आल्या. त्याही मी दोघांच्या खाल्ल्या. सकाळची जास्तीची धपाटी आता नडायला लागली. तिसऱ्या ताटाला माझं अवसान संपलं आणि वेटर साडूंचं भरलेलं ताट उचलून घेऊन जाताना साडू त्याला अदबीनं म्हणाले, म्या हात लावला न्हाय, कुणालातरी द्या, चांगलं अन्न हाय.

ते ताट काचेमागं गेलं. पूनमनं ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, अगदी पोटाकडं. त्या नजरेनं मला खुर्चीत खिळवून टाकलं. पोरीला दहा वर्षांनी एक गोष्ट हवी होती आणि ती करून दाखवतो म्हणणारा काका दोन माणसांचं जेवून सुस्त बसला होता. मला फार वाईट वाटलं.

शेवटचा पदार्थ ती स्वतः घेऊन आली. सूफ्ले म्हणतात त्याला. अंड्याचा पांढरा बलक फेटून फेटून त्यात गोड कालवायचं आणि भट्टीत घालायचं. ते वाटीच्या वर चार बोटं फुगून येतं. पण लगेच खावं लागतं, नाहीतर डोळ्यांदेखत खाली बसतं आणि मग त्यात काही राम राहत नाही. हे सगळं वेटरनं आधीच सांगून ठेवलं होतं. कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या बोकडाचं, मटण खाणाऱ्या साडूंना अंड्याचं वावडं नव्हतं. पूनमनं वाटी त्यांच्यापुढं ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

"अण्णा, बरं वाटत न्हाय का?"

"बरं हाय की."

"मग?"

साडूंनी वाटीकडं बघितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. म्हणाले, "तू चाखलंस, पूनम."

तिला कळायला वेळ लागला नाही. त्या घरात वाढलेली पोरगी ती. दहा वर्षं पुण्यात राहून घासलेली तिची भाषा बघता बघता बेंबळीची झाली. "व्हय, चाखलं," ती म्हणाली. "इथं चाखल्याबिगर एक ताट भाईर जात न्हाय. न चाखता धाडलं तर मला घरी बसवतील."

"नाकानं कळतं."

"तुम्हाला कळतं, अण्णा. मला कुनी शिकिवलं? म्या शेजारी उभी राहते म्हनले, तर तुम्ही मला हरभरे निवडायला बसवलं. मग जे हुतं त्येच्यावर शिकले. जिभेवर."

ती हे भांडून बोलली नाही. हळूच बोलली, शेजारच्या टेबलावर ऐकूसुद्धा गेलं नसेल. साडू वाटीकडं बघत होते, आणि सूफ्ले एक बोट खाली आला होता.

आणि तेव्हा अक्का बोलल्या. चार लोकांत नवऱ्याला उलट शब्द न बोललेली ही बाई. त्यांनी पदर सावरला, साडूंकडं न बघता टेबलक्लॉथवर हात फिरवत म्हणाल्या, "ल्हान असताना ही भात कालवायची, चार घास खायची आन् पळायची खेळायला. ते ताट कोन संपवायचं?"

साडूंनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला.

"तुम्हीच बसायचा की तिच्या ताटावर. मी दुसरं वाढते म्हनलं तरी उठायचा न्हाय. तवा न्हाय झालं उष्टं?"

सूफ्ले आणखी एक बोट खाली बसला. माझा श्वास अडकला होता, अर्धा काळजीनं आणि अर्धा जेवणानं. साडूंनी मान वर केली आणि पूनमपुढं हात केला. चमचा मागताहेत असं वाटून तिनं टेबलावरचा लखलखीत चमचा उचलून दिला. त्यांनी तो परत ठेवला.

"ह्यो नगं," म्हणाले. "तू चाखलेला आन."

ती आत गेली आणि चमचा घेऊन आली. साडूंनी तो घेतला आणि खायला लागले. डोळे मिटले नाहीत, वास घेतला नाही, लगेच खायचं असतं म्हणून भराभर खाल्लं. वाटीचा तळ खरवडला. आम्ही तिघं आपापल्या वाट्या विसरून बघत होतो. पूनम हात पुसायचं फडकं दोन्ही हातांत धरून उभी होती. साडूंनी चमचा वाटीत ठेवला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "ब्येस झालंय." आमच्याकडं याच्या वरचं सर्टिफिकेट नाही. भल्याभल्या आचाऱ्यांना उभ्या जन्मात ते मिळालं नाही.

मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्या भाऊसाहेबानं माझं सूप पिलं. अजून हाय का?"

पूनम हसली आणि तोंडावर फडकं धरून रडायला लागली. सूप आलं, मागोमाग बटाटे आले, परत गेलेलं तिसरं ताट नव्यानं आलं. जगात बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी फ्रेंच जेवण गोडापासून सुरू करून सूपवर संपवलं असेल. साडूंनी पानात काही टाकलं नाही. पावाच्या तुकड्यानं ताट इतकं लख्ख पुसून खाल्लं की वेटर ते उचलताना घोटाळला. निघताना ते काचेच्या आत गेले, आठही माणसांना रामराम केला आणि मंद जाळावरचं ते पातेलं जवळून बघून आले.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीच्या अलीकडं साडू म्हणाले, "चुकलं माझं, भाऊसाहेब. तवाच तिला शेजारी उभं करायला पायजे हुतं." मी म्हटलं, मीही तिथंच होतो, मीही बोललो नाही. त्यावर त्यांनी मान हलवली. मागच्या सीटवर अक्का आणि आमची ही झोपल्या होत्या.

मार्गशीर्षात येडशीला मोठं लग्न आलं, पंधराशे पानांचं. साडूंचा मला फोन, पूनमला विचारा, चार दिवस सुट्टी मिळते का, भट्टीवर यायला. स्वतः विचारायचा धीर झाला नाही या वाघाला. मी विचारलं. पोरगी म्हणाली, काका, हेच दिवस आमच्याकडं सगळ्यांत गर्दीचे, मला हलता येणार नाही. उन्हाळ्यात नक्की येते म्हणून सांगा. जे ती मागत होती ते तेव्हा यांनी दिलं नाही, आणि हे द्यायला निघाले तर आता तिला सवड नाही. मी निरोप पोहोचवला. साडू म्हणाले, बरं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच भट्टीवर गेलो. साडू कढईपाशी उभे होते आणि येईल त्याला सांगत होते की पूनमला सुट्टी नाही, हाताखाली आठ माणसं आहेत तिच्या, मोठं काम आहे. रज्जाकभाईंना तर माझ्यासमोर दोनदा सांगितलं आणि त्यांनीही दोन्ही वेळा नव्यानं ऐकल्यासारखं, "क्या बात है," म्हटलं. इतक्यात हाताखालचा एक आचारी पळी घेऊन साडूंच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला. साडूंनी त्याला हातानं हळूच पलीकडं सारलं.

"तिथं नगं उभं राहू," म्हणाले. "उन्हाळ्यात पूनम यायचीय."

उन्हाळ्याला अजून चार महिने होते.